काट्यावरची पावती आणि बैलाचा खांदा : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि मुख्य शेती अधिकारी,
राज्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

प्रत माहितीसाठी : मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

स. न. वि. वि.

गाळप हंगामाच्या तयारीच्या बैठका आता सुरू होतील. मशिनरीची दुरुस्ती, तोडणी-वाहतुकीचे करार, उचलीचे (तोडणी कामगारांना आगाऊ द्यायच्या रकमेचे) वाटप, वजनकाट्याची पडताळणी हे विषय त्यात दरवर्षीप्रमाणे असतीलच. त्यात एका विषयाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. बैलगाडीत जास्तीत जास्त किती ऊस भरू द्यायचा, ती गाडी कारखान्याच्या तळावर (गाड्या थांबण्याच्या जागी) किती वेळ जुंपलेली ठेवायची आणि त्या गाडीवर बसलेल्या नवरा-बायकोच्या पोटाला त्यातून तोशीस लागू नये म्हणून दर कसा लावायचा, हा तो विषय. हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवायला गेले की एकही सुटत नाही. म्हणून एकत्रच मांडतो.

ओझ्याने वाकलेल्या बैलाचा फोटो दर हंगामात फिरतो आणि शिव्या गाडीवानाला बसतात. आम्हाला हे मान्य नाही. गाडीत किती ऊस आहे, हे गाडीवान अंदाजाने सांगतो. किलोच्या हिशेबात ते फक्त कारखान्याला माहीत असते. भरलेली गाडी काट्यावर येते, रिकामी गाडी काट्यावर येते, दोन्ही वजने संगणकात जातात, पावती निघते. कोणत्या गाडीने कोणत्या तारखेला किती ओझे ओढले याची इतकी चोख नोंद देशात दुसऱ्या कुठल्याही बैलाच्या कामाची नसेल. दर टनावर कारखाना ठरवतो, फड (तोडायचे उसाचे शेत) कारखाना नेमून देतो, तळावरची रांग कारखाना लावतो. ज्याच्या हातात वजन, दर आणि वेळ या तिन्ही गोष्टी आहेत, जबाबदारीही आधी त्याचीच.

आता कायद्याचे आकडे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि ओढकामाच्या जनावरांचे नियम १९६५ चे. या नियमांत बैलाचे तीन गट केले आहेत : २०० किलोपर्यंत वजनाचा लहान, २०० ते ३५० किलोचा मध्यम आणि ३५० किलोच्या वरचा मोठा. बॉल बेअरिंग असलेल्या दुचाकी गाडीला एका बैलामागे अनुक्रमे १,०००, १,४०० आणि १,८०० किलोची मर्यादा आहे. गाडीला नुसते हवेचे टायर असतील तर ७५०, १,०५० आणि १,३५० किलो. टायरही नसतील तर ५००, ७०० आणि ९०० किलो. जोडी असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, आणि गाडीचे स्वतःचे वजन त्यात आलेच. एक किलोमीटर किंवा त्याहून लांब, ३० मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त असा चढ वाटेत असेल तर मर्यादा निम्मी होते. दिवसात एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ गाडी ओढवायची नाही. काम संपल्यावर जनावर जुंपून ठेवायचे नाही. पराणीला लावलेली आर, काटेरी जू किंवा टोचणारे कोणतेही साधन चालत नाही. ओझ्याचा संशय आला तर पोलीस अधिकारी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतात. आपल्या बाबतीत तर गाडी रोज स्वतःहून काट्यावर येते.

या आकड्यांचा टायरगाडीसाठी हिशेब करू. साठ्या, दोर, पाण्याचा कॅन धरून रिकाम्या टायरगाडीचे वजन ढोबळमानाने ५०० किलो होते. नवरा-बायको आणि एखादे लेकरू वर बसले की आणखी सव्वाशे किलो. मोठ्या बैलांची जोडी, बेअरिंग ठणठणीत आणि रस्ता सपाट असेल तर कायद्याने ३,६०० किलो चालतात, म्हणजे उसाचे जेमतेम तीन टन. मध्यम बैलांच्या जोडीला २,८०० किलो, म्हणजे उसाचे दोन-सव्वादोन टन. हंगामातल्या बैलगाडीच्या पावत्या काढून बघा. ही रेघ किती वेळा ओलांडली जाते ते तुम्हालाच दिसेल, आम्ही वेगळा पुरावा देण्याची गरज नाही.

पण आमचे म्हणणे इथे संपत नाही. १९६५ ची मर्यादासुद्धा उसाच्या कामाला जास्त आहे. चांगला पोसलेला बैल दिवसभर टिकून ओढू शकतो तो जोर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. ४०० किलोच्या बैलाचा ४० किलो, जोडीचा ८०. डांबरी सपाट रस्त्यावर बेअरिंग नीट असलेली टायरगाडी ओढायला तिच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के जोर लागतो. ३,६०० किलोच्या गाडीला ७२ ते १०८ किलो. म्हणजे सगळ्यात सोप्या रस्त्यावरच जोडीची ताकद संपली. तीच गाडी शेतातल्या भुसभुशीत वाटेवर आली की जोर दहा-पंधरा टक्क्यांवर जातो, ३६० किलोच्या पुढे. वीस मीटरला एक मीटर असा साधा चढ आला तर सपाटीच्या जोरात १८० किलोची भर पडते. काही क्षण बैल आपल्या नेहमीच्या जोराच्या तिपटी-चौपटीने ओढू शकतो, आणि त्या काही क्षणांवरच सगळा कारभार चालतो. बैल गुडघ्यावर येतो, खूर घसरतो, शीर दुखावते ती याच क्षणांत. कायद्यातला एक किलोमीटरचा चढ सपाट ऊसपट्ट्यात क्वचित सापडतो. बैल पडतात ते कालव्याच्या पुलाच्या चाळीस-पन्नास मीटरच्या चढावर, फडाच्या बांधावर आणि कारखान्याच्या फाटकाजवळच्या उंचवट्यावर. तो उंचवटा कारखान्याचाच असतो. एक दिवस जेसीबी लावला तरी निघतो.

म्हणून आमचा आग्रह असा की मोठ्या जोडीला दोन टन ऊस, मध्यम जोडीला दीड टन आणि २०० किलोच्या आतला बैल उसाच्या गाडीला मुळीच नको. दोन टन उसाची गाडी माणसांसह २,६०० किलोच्या आसपास जाते, तिला डांबरीवर ८० किलोच्या आतला जोर पुरतो. हा आकडा बैलाच्या अंगातून आला आहे.

बैल मोठा की मध्यम हे डोळ्यांनी ठरवू नका, तिथेच घासाघीस सुरू होते. तोडणी कामगारांच्या टोळ्या आल्या की पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा रिकामाच असतो. प्रत्येक बैल सोडून एकेकटा काट्यावर उभा करा. मोठ्या काट्याला दहा-वीस किलोचा फरक पडतो, या कामाला तेवढा चालतो. त्याच दिवशी रिकामी गाडी साठ्यांसकट एकदा तोलून ठेवा. बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला असतोच. त्या नंबरावर वजन, गट आणि भराची मर्यादा लिहून गाडीवानाला कार्ड द्या आणि तोच आकडा काट्याच्या संगणकात टाका. पुढे प्रत्येक पावतीवर मर्यादा आणि प्रत्यक्ष वजन शेजारी-शेजारी छापले जाईल. खर्च काही नाही, प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवायचा.

वजनाबरोबर बैलाची तपासणीही तिथेच उरकावी. कारखान्याच्या पशुवैद्यकाने किंवा जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बैल कडक जमिनीवर वीस-पंचवीस पावले चालवून लंगड बघावी, खांदा दाबून सुजलेला किंवा गरम लागतो का बघावे, खुरांच्या बेचक्यात बघावे, शिंगाच्या बुडाशी ठोकून बघावे. मान एका बाजूला कलती धरणारा आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित शेंबूड येणारा बैल शिंगाच्या कर्करोगाचा असू शकतो, त्याला जुंपणे हा छळ आहे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी टोळी गावातून निघण्याच्या तीन आठवडे आधी व्हायला हव्यात. कारखान्यावर आल्यावर टोचलेली लस अंगात उतरेपर्यंत शेकडो बैल एका तळावर, एका पाण्यावर आलेले असतात. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांची ने-आण थांबवावी लागली होती, ते विसरण्याइतके जुने नाही. उचल वाटायला मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) गावात जातो, तेव्हाच लसीकरणाचा दाखला मागा. उचलीचा दुसरा हप्ता त्या दाखल्यावर सोडला तर एकही बैल लसीवाचून येणार नाही.

आता भरणीकडे. ओझे किती, याइतकेच ते गाडीत कुठे आहे हे महत्त्वाचे. दुचाकी गाडी आसावर तोललेली असते. ऊस पुढे सरकला की जू बैलाच्या मानेवर दाबते, मागे सरकला की जू वर उचलते आणि गळ्याचा पट्टा नरडे आवळतो. उसाचा बुडखा जड, शेंडा हलका. सगळ्या मोळ्यांचे बुडखे एकाच बाजूला रचले तर वजन तिकडे जाते, म्हणून मोळ्या उलटसुलट रचायच्या. परीक्षा सोपी आहे : बैल जुंपण्याआधी दोन माणसांनी जू बैलाच्या खांद्याइतके उचलून धरावे. उचलत नसेल तर भार पुढे आहे, हातातून वर जात असेल तर मागे. किती भरले याचाही अंदाज फडातच बांधता येतो. सकाळी दहा मोळ्या ताणकाट्यावर तोलायच्या, सरासरी काढायची आणि मर्यादेला तिने भागायचे. मोळीचे वजन १६ किलो भरले तर दोन टनांना सव्वाशे मोळ्या. त्या फडात दिवसभर हाच आकडा. चिटबॉयकडे (फडात चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) एक ताणकाटा दिला की झाले. जमीन ओली असेल तर फडातून अर्धीच गाडी बाहेर काढून उरलेल्या मोळ्या रस्त्याला चढवाव्यात, नाहीतर बांधापर्यंत ट्रॅक्टरने ओढून द्यावी. त्या ट्रॅक्टरचे डिझेल टोळीच्या खात्यावर टाकू नका.

मानेवरचा भार काढून घेणारे साधन आपल्याच भागात तयार झाले आहे. इस्लामपूरच्या (आताचे ईश्वरपूर) राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाने जुवाखाली, दोन बैलांच्या मधे चालणारे आधाराचे चाक बनवले. दांडीचे वजन त्या चाकावर जाते, बैलाला फक्त ओढायचे राहते. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हे काम होण्यासारखे आहे. एक मात्र लक्षात ठेवावे : या चाकामुळे मानेवरचे ओझे कमी होते, ओढण्याचे होत नाही. चाक बसवले म्हणून टनभर ऊस वाढवला तर खांदा वाचेल आणि गुडघे जातील. त्याच वर्कशॉपमध्ये उताराचा ब्रेकही बसवून द्या. बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो. उतारावर सगळी गाडी बैलांच्या मानेवर येते आणि बैल शिंगे मागे टाकून तिला थोपवत राहतात.

खांदेसुजीबद्दल दोन शब्द. बेंदराला किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, हळद-तूप चोळतो. त्यानंतर हंगाम सुरू झाला की तो खांदा एकाएकी दोन-तीन टनांखाली जातो. पावसाळ्यात काम कमी झालेले असते, कातडी मऊ पडलेली असते. पहिल्या आठवड्यात निम्मा भार, दुसऱ्यात पाऊण, मग पूर्ण, असे केले तर निम्म्या खांदेसुजी होणारच नाहीत असे आमचे ठाम मत आहे. बाकी कारणे ठरलेली आहेत : अरुंद किंवा खरबरीत जू, जुवाला पडलेली चीर, कमी-जास्त उंचीची जोडी, घामाने किंवा पावसाने भिजलेला खांदा तसाच जुंपणे. सूज दिसल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या आणि पूर्ण विश्रांती. दोन दिवसांनी शेक आणि मलम. पू झाला तर तो डॉक्टरांनीच काढायचा. डागणे, रॉकेल, जळके ऑइल यातले काही नको. पण विश्रांती द्यायची म्हणजे गाडी उभी राहते आणि गाडी उभी राहिली की खाडा पडतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापले जातात. सुजलेल्या खांद्यावर फडके बांधून बैल जुंपला जातो तो या खाड्यापायी. तळावर आठ-दहा राखीव जोड्या ठेवा. आजारी बैलाच्या जागी राखीव बैल न्यायचा, दिवसाचे ठरावीक भाडे कारखान्याने सोसायचे. हंगामाच्या खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

सगळ्यात मोठा छळ रस्त्यावर होत नाही, तो तळावर होतो. गाडी संध्याकाळी येते, गव्हाणीचा (ऊस गाळपाला टाकायच्या जागेचा) नंबर लागायला कधी पाच तास, कधी रात्र. रांग दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन गाड्यांनी सरकते. बैल सोडला तर सरकताना पुन्हा जुंपावा लागतो, तेवढ्यात मागचा पुढे घुसतो. म्हणून बैल जुंपलेलाच राहतो, मानेवर पूर्ण भार घेऊन, पाण्यावाचून. गाडीवान निष्ठुर आहे म्हणून हे होत नाही, रांग अशी लावली आहे म्हणून होते. उपाय रांगेतच आहे. फाटकावर टोकन द्या आणि नंबर टोकनाचा धरा, जागेचा नको. गाडी ठरल्या ओळीत लावायची, दांडीखाली लाकडी टेकू द्यायचा, बैल सोडून दावणीला बांधायचे, नंबर आला की भोंग्यावरून पुकारायचे. किंवा सरळ तळावरून गव्हाणीपर्यंत गाड्या ओढायला दोन छोटे ट्रॅक्टर ठेवायचे. दावणीपाशी सिमेंटची हाळ (जनावरांच्या पाण्याचा हौद) हवी. काम करणाऱ्या बैलाला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, उन्हाळ्याकडे त्याहून जास्त. शंभर जोड्यांच्या तळाला म्हणजे रोजचे आठ ते बारा हजार लिटर. हाळीचे पाणी रोज बदलायचे, आठवड्याला चुना मारायचा. मार्चनंतर सावलीसाठी शेडनेट. तळावरच्या माणसाला एक गोष्ट शिकवून ठेवा : बैलाची कूस, म्हणजे त्याचा श्वास, मोजायची. बसलेल्या, विश्रांतीतल्या बैलाचा श्वास मिनिटाला १५ ते ३० असतो. जीभ बाहेर, तोंडाला फेस आणि श्वास ७०-८० च्या वर असेल तर त्याला तिथल्या तिथे सोडून सावलीत न्यायचे, अंगावर आणि पायांवर पाणी मारायचे, आणि डॉक्टरांना फोन लावायचा.

त्याच तळावर, त्याच रांगेत एक बाईही थांबलेली असते. पहाटे चारला उठून भाकरी थापून फडात गेलेली, दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरून आलेली. तिला संडास नाही, उजेड नाही, लेकराला निजवायला जागा नाही. बैलाच्या कामाचे नऊ तास १९६५ मध्ये कागदावर तरी लिहिले गेले. टनावर काम करणाऱ्या या बाईचे तास कोणी मोजतच नाही. पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून धरायची, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे, कारण दवाखान्यात गेले की कोयत्याचा (तोडणाऱ्या जोडप्याचा) खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तळावर आणि कोप्यांवर (कामगारांच्या झोपड्यांवर) दर वीस बायकांमागे एक दाराचा, पाण्याचा, दिव्याचा संडास, पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ आणि रात्री लेकरांसाठी एक बंद खोली, एवढे बांधायला महिनाभर पुरतो. बैलाची हाळ आणि बाईचा नळ एकाच जलवाहिनीवर घ्या, खोदाई एकदाच होते. गरोदर बाईला सातव्या महिन्यानंतर डोक्यावर मोळी नको आणि त्या दिवसांचा खाडाही नको, हे करारात छापून घ्या.

रात्रीच्या अपघातांचे थोडक्यात सांगतो. लाल रिफ्लेक्टर वाटले जातात, पण ते उसावर खोचले जातात किंवा लोंबत्या वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकले जातात. गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला दोन्ही टोकांना खिळ्याने ठोकलेला रिफ्लेक्टर आणि मधे हातभर परावर्तक पट्टी हवी. ती दिसते की नाही हे फडातून निघताना चिटबॉयने टॉर्च मारून बघावे, मग चिट्ठी द्यावी. गाडीच्या शेंड्यावर कोणी झोपणार नाही, लेकरू तर नाहीच. डांबरी रस्त्यावर खूर झिजतात आणि घसरतात. एका बैलाला आठ पत्र्या (नाल) लागतात, प्रत्येक खुराच्या दोन नख्यांना दोन. नालबंदाला हंगामात ठरावीक दिवशी तळावर बोलवा आणि पत्रीचा खर्च वाहतुकीत धरा.

चाऱ्याबाबत एक नेहमीची चूक होते. वाढे फुकट मिळतात, म्हणून बैल पाच महिने वाढ्यांवरच राहतो. वाढ्यांत ऑक्झालेट असते. ते अंगातला कॅल्शियम बांधून ठेवते, बैल खंगतो, हाडे आणि खूर कमजोर होतात, शेण पातळ पडते. वाढ्यांच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडायची, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ द्यायचे, कडबा मिसळायचा आणि कामाच्या दिवशी दोन-तीन किलो पेंड किंवा भरडा. पेंड-मीठ-मिश्रण कारखान्याच्या भांडारातून ना नफा दराने मिळाले तर गाडीवान घेतो. त्यालाही बैल खंगलेला परवडत नाही, जोडी लाखाच्या घरात जाते.

आता मूळ गाठ, दर. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६ रुपयांवर गेला. वाढ हवीच होती. पण दर टनावर आहे तोवर प्रत्येक जास्तीची मोळी ही उचल फेडण्याची मोळी आहे. भराची मर्यादा घातली आणि दर तसाच ठेवला, तर तीन टनांच्या जागी दोन टन आणणाऱ्या जोडप्याची वाहतुकीची कमाई तिसऱ्या हिश्शाने घटेल, आणि बैलाचा खांदा वाचवल्याचा खर्च त्या जोडप्याच्या भाकरीतून वसूल होईल. तसे होणार असेल तर आम्हीच या मर्यादेला विरोध करू. म्हणून वाहतुकीचे पैसे दोन भागांत द्या : अंतरानुसार प्रत्येक खेपेला ठरावीक रक्कम आणि त्यावर टनाचा दर. ठरावीक भाग असा बसवा की मर्यादेत भरलेल्या खेपेला आजच्या भरगच्च खेपेएवढे पैसे पडतील. मर्यादेच्या वर आलेल्या उसाचे पैसे कापू नका. ऊस तोडलेला आहे, घाम गाळलेला आहे. त्याचे टनाचे पैसे द्या, पण त्या खेपेचा ठरावीक भत्ता मिळणार नाही आणि चिट्ठी देणाऱ्याकडे विचारणा होईल, एवढे पुरे. गाडीवानाला दंड लावून काही होत नाही. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे तो १० ते ५० रुपये. तेवढ्याने धाकही बसत नाही आणि न्यायही होत नाही.

बैल मेला तर काय, याचे उत्तर आज करारात नसते. बैल उचलीतून घेतलेला असतो. तो हंगामात मेला की गाडी थांबते आणि उचल अंगावर राहते. पुढच्या वर्षी ते कुटुंब मागच्या बैलाचे पैसे फेडायला कोयता उचलते. तपासणीच्या दिवशीच जोडीचा सामूहिक विमा काढा, हप्ता कारखान्याने भरावा. म्हाताऱ्या बैलांचाही प्रश्न आहे. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्याची बाजू कोणतीही घ्या, गाडीवानापुढची परिस्थिती अशी आहे की थकलेला बैल विकला जात नाही आणि नुसता सांभाळायला पैसा नाही, म्हणून तो जुंपला जातो. तपासणीत बाद झालेल्या बैलामागे कारखान्याच्या क्षेत्रातल्या गोशाळेला किंवा सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला महिन्याचा चारा द्यावा आणि नव्या बैलासाठी बिनव्याजी उचल द्यावी. हे न करता नुसते ‘बाद’ असे कार्ड दिले, तर तो बैल शेजारच्या कारखान्याच्या तळावर उभा दिसेल.

हार्वेस्टर येत आहेत, बैलगाड्या आपोआप संपतील, मग हा खटाटोप कशाला, असे काही संचालक म्हणतात. लहान तुकडे, अरुंद सऱ्या आणि पाणथळ जमिनी आहेत तोवर कोयता आणि गाडी लगेच जात नाही. आणि ज्या हंगामात शेवटची बैलगाडी काट्यावर येईल, त्या हंगामातल्या बैलालाही मानेचे दुखणे तेवढेच असेल.

आमची मागणी बॉयलर पेटण्याआधीची आहे. संचालक मंडळाच्या ठरावाने भराची मर्यादा, खेपेचा भत्ता, टोकनाची रांग आणि खाड्याला अपवाद या चार गोष्टी करारात घ्याव्यात. तळावरची हाळ, दावण, संडास आणि नळ टोळ्या यायच्या आत पूर्ण व्हावेत. हंगामात दर पंधरवड्याला बैलगाडीच्या एकूण खेपा, मर्यादेच्या वरच्या खेपा, तळावरचा सरासरी थांबा आणि आजारी व मेलेले बैल हे आकडे कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर लावावेत. साखर आयुक्तांना विनंती की गाळप परवान्याच्या अर्जासोबत हा ठराव जोडणे बंधनकारक करावे. हंगामपूर्व तपासणीला आमच्यातले पशुवैद्यक आपल्या तळावर विनामोबदला येतील. तारीख तेवढी कळवावी.

आपले,
ऊसपट्ट्यात काम करणारे पशुवैद्यक आणि ऊसतोड कामगारांसोबतचे कार्यकर्ते